बाबांचा पहाटे पाचचा नियम हिवाळ्यात मोडावा का?

अबोली_सकाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून सगळंच लिहिते.

माझे बाबा ७६ वर्षांचे. पस्तीस वर्षं छापखान्यात पहिल्या पाळीला होते. पाळी सहाची. पाचला उठायचं, उठल्या उठल्या कढत पाण्यानं आंघोळ आणि साडेपाचला घराबाहेर, हा क्रम निवृत्तीनंतर त्यांनी फिरण्यासाठी तसाच चालू ठेवला. रोज चार किलोमीटर. उन्हाळ्यात, पावसाळ्यात त्यांची तब्येत बघून लोक वय विचारतात. पण हिवाळा आला की दरवर्षी काहीतरी होतंच. गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि खोकला तीन आठवडे हटला नाही. यंदा थंडी सुरू होऊन बाराच दिवस झालेत आणि परवा ते आंघोळ करून बाहेर आले ते भिंत धरून. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. पाच मिनिटं बसले आणि तरीही फिरायला गेले.

त्यांना अकरा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. सकाळी एक गोळी घेतात. घरी यंत्र आहे. काल पहाटे साडेपाचला मोजला तर १६८/९४ आणि रात्री नऊला १३८/८२. यंत्र बिघडलं असावं असं बाबांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, कारण माझा दोन्ही वेळा जवळपास सारखाच आला.

आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे पाणी. उन्हाळ्यात दुपारपर्यंत चार पेले पिणारा माणूस आता एक पेला पितो. तहानच लागत नाही म्हणतात, शिवाय रात्री तीनदा उठावं लागतं म्हणून मुद्दामही टाळतात. दुसरी म्हणजे त्यांच्या खोलीतला हीटर. रात्रभर दार-खिडकी गच्च बंद करून तो चालू असतो. सकाळी घसा कोरडा, नाकात खपल्या आणि एकदा नाकातून थोडं रक्तही आलं.

माझंही सांगते. मी ४९ वर्षांची. घरून हिशेबाचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर. हिवाळ्यात माझ्या बोटांची टोकं अशी उलतात की कळ दाबताना डोळ्यांत पाणी येतं. आणि मन उतरतं. गेले दोन हिवाळे सकाळी उठावंसंच वाटत नाही, दुपारी चारनंतर उगाच रडू येतं. उन्हाळ्यात यातलं काहीच नसतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आहेच. पण रोजच्या सवयींचं काय करायचं ते मला आत्ता हवं आहे. बाबांना "एवढ्या पहाटे जाऊ नका" म्हटलं की ते म्हणतात, "पस्तीस वर्षांत एकदाही माझं कार्ड उशिरा पंच झालं नाही." तो नियम म्हणजे त्यांचा स्वाभिमान आहे, हे मला कळतं. तो मोडून त्यांना खुर्चीत बसवावं असं मला मुळीच वाटत नाही. पण डोळ्यांदेखत धोकाही पत्करवत नाही. काय बदलावं, काय तसंच ठेवावं?

रात्रपाळी

अबोलीताई, मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं हृदयरोगाच्या कक्षात. थंडी पडली की आमच्याकडच्या खाटा भरायच्या, हे मी दरवर्षी पाहिलंय. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी एक सांगते. तुमचं यंत्र बहुधा बरोबर आहे. थंडी लागली की शरीर आतली ऊब राखायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. नळी अरुंद झाली की आतला दाब वाढणारच. म्हणून बहुतेकांचा रक्तदाब हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जास्त असतो आणि वय जितकं जास्त तितका हा फरक ठळक. त्यात भर म्हणजे जाग आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दाब आपोआप चढतो, थंडी असो वा नसो. हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सकाळी ६ ते १२ मध्ये जास्त येतात, हे १९८५ पासून नोंदलेलं आहे. तुमच्या बाबांच्या बाबतीत हे दोन्ही चढ एकावर एक येतात.

आता त्यांचा पहिला पाऊण तास पाहा. उबदार पांघरुणातून थेट गार फरशीवर: नळ्या आवळल्या. मग कढत पाणी: नळ्या एकदम सैल. आंघोळीहून उठून उभे राहिले की रक्त पायांकडे उतरतं, दाब पडतो, अंधारी येते. परवा बहुधा हेच झालं. मग ओल्या अंगाला गार हवा, नळ्या पुन्हा आवळल्या. आणि लगेच बाहेरचा गारठा आणि झपाझप चाल. पाऊण तासात चार वेळा उलटसुलट. तिशीतल्या माणसाला हे कळतही नाही. ७६ व्या वर्षी रक्तवाहिन्या तेवढ्या लवचिक राहिलेल्या नसतात.

म्हणजे फिरणं वाईट नाही, क्रम वाईट आहे. फिरणं बंद करू नका, हे मी ठासून सांगते. हिवाळ्यात चालणं थांबवलेले म्हातारे वसंतात पुन्हा पहिल्यासारखे चालू लागलेले मी फार कमी पाहिलेत. पायांतली ताकद एकदा गेली की या वयात परत मिळवणं कठीण असतं.

मी असा क्रम सुचवेन. उठायची वेळ पाचचीच राहू द्या. जाग आल्यावर पांघरुणातच पावलं आणि मनगटं हलवायची, मग खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं. मोजे आणि स्वेटर रात्रीच हाताशी ठेवा, गार फरशीवर अनवाणी पाय पडायला नको. दाब मोजायचा, कोमट पाणी प्यायचं, गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला. घरातल्या घरात दहा मिनिटं हळूहळू हातपाय मोकळे करायचे. आणि बाहेर पडायचं ते उजाडून तासभर झाल्यावर. आंघोळ फिरून आल्यावर थोडं थांबून, कढत नव्हे तर कोमट पाण्यानं, स्टुलावर बसून. आंघोळीची खोली आधी जरा उबदार करून घ्या, अंग तिथेच पूर्ण कोरडं करून कपडे घालूनच बाहेर यायचं. आणि आतून कडी लावायची नाही. ही शेवटची गोष्ट ऐकायला पुरुषांना फार जड जाते, पण कडी तोडून माणूस बाहेर काढावा लागलेली घरं मी पाहिली आहेत.

दाब मोजायची पद्धतही नीट असू द्या, नाहीतर डॉक्टर चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतील. लघवीला जाऊन यायचं, उबदार खोलीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, दंड छातीच्या पातळीला टेकवलेला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, असे सात दिवस. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती जास्त समजतात. गोळी आपल्या मनानं वाढवू नका. वही दाखवा, ते ठरवतील.

पाण्याचं कारण मजेशीर वाटेल. कातडीकडचं रक्त आत सरकलं की मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून थंडीत लघवी वाढते. दुसरीकडे तहानेची जाणीव मंदावते, म्हातारपणी ती मुळातच मंद असते. मग पाणी कमी, रक्त दाट, कफ घट्ट, शौचाला त्रास. तहानेची वाट न पाहता सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं गरम पाणी द्या आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. पायांवर सूज येत असेल किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

एक गोष्ट जी घरोघरी चुकते. सर्दी झाली की दुकानातून चोंदलेलं नाक मोकळं करणारी गोळी आणतात. फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन असलं काही त्यात असेल तर ती नाकातल्या नळ्या आवळून काम करते आणि दाबही वाढवते. सांधे धरले म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेनही दाब वाढवू शकते. बाबांसाठी असं काहीही विचारल्याशिवाय नको. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ पुरते.

इन्फ्लूएंझाची लस घेतली आहे का? जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्या लसीतले विषाणू ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात. म्हणजे गेल्या वर्षीची लस या वर्षी चालत नाही. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हाच विचारा.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंडीतही दरदरून घाम, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर "जरा बघू" म्हणायचं नाही. सरळ रुग्णालय गाठायचं.

राहिला स्वाभिमानाचा प्रश्न. त्यांना म्हणा, नियम मोडायचा नाही, फक्त घड्याळाऐवजी उजेडाला बांधायचा. "उजाडल्यावर एक तासानं" हाही नियमच आहे आणि पाळायला पाचपेक्षा अवघड, कारण तो दर आठवड्याला थोडा सरकतो.

तापमापी

रात्रपाळी ताईंचं सगळं पटलं. मी इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो, म्हणून फक्त हवेबद्दल लिहितो.

बहुतेकांना वाटतं सर्वात जास्त गारठा मध्यरात्री असतो. तसं नाही. सूर्य मावळल्यापासून जमीन सतत उष्णता सोडत असते आणि ऊन पडेपर्यंत तिची भरपाई होत नाही. त्यामुळे तापमानाचा तळ सूर्योदयाच्या आसपास येतो, कधी कधी सूर्योदयानंतर थोड्या वेळानं. साडेपाचला निघून सात वाजता परतणारा माणूस नेमका त्या तळातून चालून येतो. शिवाय स्थिर, निरभ्र रात्री जमिनीलगत गार हवा साचते आणि तिच्यावर उबदार थर झाकणासारखा बसतो. धूर, धूळ त्या झाकणाखाली अडकते. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. खोकल्याच्या माणसाला हा दीड-दोन तासांचा फरक जाणवतो.

पण अबोलीताई, हे त्यांना तोंडानं सांगू नका. माझेही वडील असेच होते, पटायचं ते फक्त स्वतः मोजलेलं. एक साधी तापमापी बाहेर सावलीत, भिंतीपासून थोडी दूर टांगा आणि नोंदीचं काम त्यांच्याकडेच द्या. पाच, सहा, सात, आठ, नऊ. सात दिवस.

आता हीटरचं. गार हवेत वाफ फारशी मावत नाही. ० अंशाला एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम, २० अंशाला १७ ग्रॅमच्या वर. म्हणजे बाहेरची पूर्ण दमट पण गोठती हवा आत आणून नुसती तापवली, तर तिची आर्द्रता १०० वरून ३० टक्क्यांच्याही खाली येते. हवा तहानलेली होते आणि ती तहान तुमच्या बाबांच्या नाकावर, घशावर भागवते. नाकातलं ओलं अस्तर हीच जंतूंना अडवणारी पहिली चाळण. ती सुकली की भेगा पडतात, रक्त येतं आणि विषाणूंना वाट मिळते. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस तर ३३ ते ३५ अंशांना, म्हणजे गार पडलेल्या नाकातच, चांगला वाढतो.

खोली तापवायची ती किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शनात थंडीसाठी १८ अंश ही किमान सुरक्षित पातळी धरली आहे, म्हातारी आणि आजारी माणसं असतील तर थोडी जास्त. म्हणजे २६-२७ वर नेऊन स्वतःला सुकवायची गरज नाही. झोपण्याआधी तासभर हीटर लावा, मग कमी करा आणि पांघरुणाचे थर वाढवा. आर्द्रता ४० ते ६० टक्के राहील असं बघा, मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पंचा ओला करून खोलीत वाळत टाकला तरी फरक पडतो. पण खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी ओघळत असेल तर तुम्ही अती केलंय, भिंतीला बुरशी येईल.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, तुमच्याकडे हीटर विजेचा असला तरी सांगतो. कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, जळणारं काहीही बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं झोपच येतेय. विजेचा हीटर असला तरी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. ऊन असताना उघडल्या तर भिंतींतली ऊब फारशी जात नाही.

कोरडी_पानं

तुमच्या बोटांबद्दल. मी शिवणकाम करते, सुई धरता येईना अशी वेळ माझ्यावर चार हिवाळे आली, म्हणून जे उपयोगी पडलं ते लिहिते.

माझी चूक अशी होती की मी भेगा पडल्यावर मलम लावायचे. आता थंडीच्या पहिल्या दिवसापासून लावते. दुसरी चूक, कोरड्या हातावर लावायचे. तेलकट मलम पाणी आणून देत नाही, असलेलं पाणी अडवतं. म्हणून हात धुतले की टिपायचे, पुसून खरखरीत करायचे नाहीत, आणि दमट असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, लावायचं. महागड्या बाटल्यांपेक्षा मला साधी पेट्रोलियम जेली सर्वात जास्त उपयोगी पडली. रॉबर्ट चेसब्रोनं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. रात्री जाड थर, त्यावर सुती हातमोजे. पहिल्या तीन रात्री विचित्र वाटतं.

भांडी घासताना हातमोजे, आतून सुती अस्तर असलेले. साबण कमी फेसाचा, अंगाला दहा मिनिटांपेक्षा जास्त पाणी नको. पाणी जितकं कढत तितकी कातडीवरची स्निग्धता धुऊन जाते. बाबांच्या टाचांना भेगा असतील तर १० टक्के युरिया असलेलं मलम चांगलं, पण उघड्या भेगेवर ते झोंबतं. त्यांना मधुमेह असेल तर टाचेची भेग रोज डोळ्यांनी बघा, कारण दुखणं त्यांना कळेलच असं नाही. गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावू देऊ नका. माझ्या मावशीला त्या पिशवीनं भाजलं आणि तिला सकाळी फोड बघून कळलं.

बोटं लाल-जांभळी होऊन खाजत असतील तर त्या थंडीच्या गाठी. अशा वेळी हात शेकोटीवर धरायचे नाहीत, हळूहळू काखेत किंवा कोमट जागी गरम करायचे.

खिडकीजवळ

सगळे बाबांबद्दल लिहितायत, त्यात तुमचं स्वतःचं मागे पडू नये म्हणून मी लिहितोय.

दुपारी चारनंतर रडू येतं, सकाळी उठवत नाही, उन्हाळ्यात काही नसतं. हे वाचून मला माझेच दिवस आठवले. मी स्वतःला आळशी म्हणत होतो. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतूनुसार येणाऱ्या उदासीचं पहिलं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला नाव मिळालं. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण दोन हिवाळे सलग झालंय म्हणजे त्यांना सांगायलाच हवं. बाबांच्या भेटीत पाच मिनिटं स्वतःसाठी मागून घ्या.

तोवर एक करता येईल. घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत जातो, निरभ्र दिवशी सावलीतसुद्धा दहा हजारांच्या पुढे. डोळ्याला घर उजळलेलं वाटतं, पण शरीराच्या घड्याळाला ती संध्याकाळच असते. तुम्ही हिवाळ्यात आठ-नऊ तास त्या संध्याकाळी बसता. सकाळचा अर्धा तास बाहेरचा उजेड डोळ्यांत जाऊ द्या (सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं). या त्रासासाठी वापरतात त्या दिव्यांचा उजेडही १०,००० लक्स, सकाळी अर्धा तास, असाच असतो, पण डोळ्यांचा आजार किंवा मनाचे मोठे चढउतार असतील तर तो विचारल्याशिवाय वापरू नये.

टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवलंय का? माझं पाठमोरं होतं. एका रविवारी फिरवलं. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पूर्ण महिना रजा न घेता काम केलं.

आणि तुमच्या बाबांना सकाळी उजाडल्यावर सोबत हवी आहे ना?

अबोली_सकाळ

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून बराच वेळ बसून राहिले. माझं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे, खिडकी पाठीमागे. संगणकावर चकाकी येते म्हणून मीच तसं ठेवलं होतं.

लस यंदा राहिली आहे. मधुमेह नाही. पायांवर सूज नाही, आत्ताच दाबून बघितली. तापमापी उद्या आणते.

पायवाट

एकच भर. म्हाताऱ्या माणसाला एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते आणि चालता चालता एक थर काढताही येतो. घाम आला तर आतला कपडा परतल्याबरोबर बदलायचा. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं वाहून नेतं, ओला बनियन अंगात ठेवून बसणं म्हणजे गारठा पांघरणं. नाकातोंडावर मफलर सैल गुंडाळला की आत जाणारी हवा आधी थोडी तापते, ओली होते. दम्याच्या माझ्या भावाला यानं फार बरं वाटतं. काळोखात चालायचंच झालं तर फिकट रंगाचा कपडा आणि घट्ट पकडीचे बूट, दवानं ओल्या झालेल्या फरशीवर पडून खुबा मोडलेली माणसं मला माहीत आहेत.

अबोली_सकाळ (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं होतं.

तापमापी टांगली आणि बाबांना फक्त एवढंच म्हटलं की मला रोजच्या नोंदी हव्यात, तुमच्यासारखं वेळेवर कोणी लिहिणार नाही. छापखान्यातली त्यांची जुनी पट्टी काढली आणि वहीत रकाने आखले. पहिल्या दिवशी पाचला ९.५, सहाला ९, सातला ८.५, आठला ११, नऊला १५. सूर्योदय सातच्या सुमाराचा. चौथ्या दिवशी त्यांनी सातच्या रकान्याखाली रेघ ओढली आणि मला बोलावून म्हणाले, "मी रोज या खड्ड्यातून चालतोय." मी काही बोलले नाही.

आठव्या दिवशी ते पाचलाच उठले, खाटेच्या कडेला बसले, मोजे घातले, दाब मोजून वहीत लिहिला. मग घरातल्या घरात येरझाऱ्या. आणि आठ वाजता दारात बूट घालून उभे. "चल," म्हणाले. मी त्यांच्यासोबत निघाले. आता रोज निघते. चार किलोमीटर मला झेपत नाहीत, मी दोनवरून परतते, ते पुढे जातात.

डॉक्टरांनी सात दिवसांची वही बारकाईनं पाहिली. सकाळची सरासरी १५४/८८ आली होती. त्यांनी गोळीची मात्रा थोडी वाढवली. गेल्या आठवड्याची सकाळची सरासरी १३६/८२ आहे. यात गोळीचा वाटा किती आणि क्रम बदलल्याचा किती, ते मला सांगता येणार नाही. लस दोघांनीही घेतली. मी स्वतःसाठी पाच मिनिटं मागितली, ती पंचवीस झाली. त्यांनी पुढची भेट वेगळी दिली आहे.

हीटर आता रात्री दहाला कमी होतो. खोली १९-२० ला राहते. आर्द्रता पहिल्या रात्री २८ टक्के होती, ओल्या पंचानं ४१ झाली. नाकातल्या खपल्या गेल्या. पाण्यासाठी मी त्यांच्या वहीत आणखी एक रकाना आखून दिला, पेल्यांचा. रिकामा रकाना त्यांना सहन होत नाही.

जमलं नाही तेही सांगते. आंघोळ अजून कढतच लागते, फक्त वेळ बदलली. कडीवरून मोठं भांडण झालं. दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: कडी लावणार नाही, पण दारावर पाटी लावणार. जाड कागदावर सुबक अक्षरांत लिहिली, "आत माणूस आहे." कानटोपीला ठाम नकार आहे, मफलर चालतो.

माझी बोटं बरी आहेत. टेबल फिरवलं, चकाकीसाठी पातळ पडदा लावला. चार वाजताचं ते रडू या तीन आठवड्यांत दोनदाच आलं. अजून आहे, पण येतंय हे आता मला आधी कळतं आणि मी उठून दारात जाऊन उभी राहते.

रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. मात्रा हिवाळ्यासाठी वाढवली. मग ऊन वाढलं की काय?

रात्रपाळी

फार बरं वाटलं वाचून. पाटीची गोष्ट मी माझ्या जुन्या सहकारी बायांना सांगणार आहे.

तुम्ही विचारलंत ते बहुतेक जण विचारत नाहीत. थंडी ओसरली की नळ्या सैल होतात, घाम सुरू होतो, दाब उतरतो आणि वाढवलेली गोळी जास्त होऊ शकते. तेव्हा उठताना पुन्हा अंधारी येते, पण या वेळी कारण उलटं असतं. बाबांच्या तापमापीत सकाळी पाचचा आकडा आठवडाभर चढता दिसला की पुन्हा सात दिवस दाब मोजा, या वेळी बसून आणि मग उभं राहून एक मिनिटानं, दोन्ही. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, तर गोळी स्वतः बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

त्यासाठीचा रकाना त्यांना आत्ताच आखून ठेवायला सांगा.